नदीवरचं इंजिन, जीपमधलं पाणी

दसऱ्याच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात उभं राहिलं की दोन गोष्टींची वाट बघायची असते. एक म्हणजे शमीपूजन झाल्यावर सोनं लुटायची, आणि दुसरी मेबॅकची. राजाराम महाराजांच्या काळातली, १९३०च्या दशकातली ही जर्मन गाडी छत्रपती घराण्यातल्या मंडळींना घेऊन चौकात येते आणि सगळ्यांचे मोबाइल वर होतात. माझाही होतो. पण आमच्या जीपचं प्रकरण झाल्यापासून माझं लक्ष आत कोण बसलंय यापेक्षा गाडीच्या नाकाकडे जातं. एवढं जुनं इंजिन, माणसाच्या चालीने, एवढ्या गर्दीतून चाललेलं, आणि समोरून वारा नाही. कुठलंही इंजिन तापायला याहून चांगली सोय नाही.

गंमत म्हणजे हा प्रश्न पहिल्यांदा नीट ज्याने सोडवला त्याचंच आडनाव या गाडीवर आहे. विल्हेल्म मेबॅक १८४६ साली जन्मला, लहानपणीच पोरका झाला आणि रॉयटलिंगेन गावातल्या एका संस्थेत वाढला. तिथेच त्याची गाठ गॉटलिब डाइमलरशी पडली. पुढे १९००च्या अखेरीस डाइमलर कंपनीसाठी त्याने पस्तीस अश्वशक्तीची एक गाडी तयार केली. ती मागवणाऱ्या एमिल येलिनेकच्या मुलीचं नाव मर्सिडीस, म्हणून गाडीही मर्सिडीस. शर्यती जिंकल्यामुळे ती गाजली, पण मला तिच्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती तिच्या तोंडावरचं मधमाश्यांच्या पोळ्यासारखं रेडिएटर. सहा मिलिमीटरच्या चौकोनी अशा ८,०७० बारक्या नळ्या शेजारी शेजारी रचलेल्या. नळ्यांतून वारा जायचा आणि त्यांच्या मधल्या फटींतून पाणी. मागे एक पंखा, म्हणजे गाडी हळू असली तरी वारा ओढला जाईल. आधीच्या गाडीला अठरा लिटर पाणी लागायचं, हिचं नऊ लिटरमध्ये भागलं.

हे नऊ लिटर वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. कारण इथे पाण्याची जातच बदलली.

त्याआधी इंजिनातलं पाणी इंधनासारखंच संपायचं. कार्ल बेंझच्या पहिल्या तीनचाकीत सिलिंडरभोवतीचं पाणी उकळायचं, वाफ होऊन उडून जायचं आणि जाताना उष्णता घेऊन जायचं. १८८८ साली त्याची बायको बर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्झहाइमला त्या गाडीतून गेली. सुमारे शंभर किलोमीटरच्या या प्रवासात तिला वाटेत जागोजागी थांबून पाणी भरावं लागलं. मेबॅकच्या रेडिएटरनंतर पाणी कमी झालं, पण तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरू लागलं. म्हणजे पाणी आता पिस्टनसारखा, बेअरिंगसारखा इंजिनाचा एक भागच झालं. आणि भाग म्हटला की तो झिजतो, खराब होतो, बदलावा लागतो.

ही दुसरी गोष्ट आमच्याकडे पोचायला फार वेळ लागला. त्याचं कारण अडाणीपणा नव्हे. कोल्हापूरच्या सामान्य माणसाच्या हातात इंजिन आलं तेच मुळी नदीकाठी.

पंचगंगा, भोगावती, कुंभी, कासारी यांच्या काठची जुनी माणसं अजून 'इंजिन' म्हणतात ते गाडीच्या इंजिनाला नाही, पाणी उपसायच्या ऑइल इंजिनला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, साताऱ्याकडे कूपरांच्या कारखान्यात डिझेल इंजिनं होऊ लागली, १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. आणि कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या मिस्त्र्यांनी ही इंजिनं आधी दुरुस्त केली, मग त्यांचे सुटे भाग ओतले, मग अख्खी इंजिनंच बनवायला घेतली. उसाला पाणी पाहिजे होतं आणि खेड्यांत वीज नव्हती, त्यामुळे गिऱ्हाइकाची वाण नव्हती.

या इंजिनाला गार ठेवायची पद्धत साधी होती. पंप नदीचं पाणी उचलून पाटात टाकतोय, त्यातलंच थोडं एका बारीक नळीने सिलिंडरच्या भोवती फिरवायचं आणि दुसऱ्या बाजूने सोडून द्यायचं. ते कोमट पाणी पाटाला मिळायचं. आमच्या काकांनी तरुणपणी भोगावतीवर असं इंजिन चालवलंय. थंडीत रात्रपाळीला त्या नळीखाली हातपाय शेकायचे, पहाटे तिथेच अंघोळ उरकायची. इंजिन बरोबर चाललंय की नाही हेही ते त्या पाण्याला हात लावून ओळखायचे. हाताला सोसवेल इतकंच गरम पाहिजे. रेडिएटर नाही, झाकण नाही, थर्मोस्टॅट नाही. पाणी येतं आणि जातं. दर मिनिटाला नवीन पाणी मिळत असेल तर त्यात काय विरघळलंय याचा विचार कोण कशाला करेल?

नदीच्या बाबतीत मात्र हा विचार आमच्या लोकांनी फार आधी केला होता. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा हा शब्द इंजिनिअरिंगच्या पुस्तकात वाचला तेव्हा मला उगाचच छाती फुगल्यासारखं झालं होतं. या बंधाऱ्यात दगडी खांबांच्या खाचांत फळ्या बसवतात, त्यांना बरगे म्हणतात. जुन्या रीतीत फळ्यांच्या दोन ओळी आणि मधे माती. पावसाळा आला की बरगे काढून घ्यायचे, म्हणजे पूर आणि पुराबरोबरचा गाळ वाहून जातो. पाऊस सरला की बरगे घालायचे, म्हणजे स्वच्छ पाणी साठतं. वर्षातून एकदा सगळं मोकळं सोडायचं आणि मग नव्याने भरायचं. रेडिएटरला जे करायचं असतं ते हेच. पण नदी गढूळ झालेली डोळ्यांना दिसते, इंजिन दिसत नाही.

पुढे खेड्यांत वीज आली, काठावर मोटारी बसल्या आणि इंजिनाचा टुकटुक आवाज बंद पडत गेला. उद्यमनगरने ते सोसलं आणि आपला धंदा ओतकामाकडे वळवला. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातल्या फाउंड्र्यांत आज देशातल्या मोठ्या गाडी कंपन्यांसाठी सिलिंडर ब्लॉक आणि हेड ओतले जातात. इथे जरा थांबतो, कारण इंजिनाच्या आतला गाळ समजायचा तर ब्लॉक कसा ओततात ते माहीत पाहिजे.

सिलिंडरच्या भोवती पाणी फिरायला पोकळी लागते. ती नंतर कोरून काढता येत नाही. म्हणून त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा गाभा तयार करतात, त्याला फाउंड्रीत कोअर म्हणतात. तो साच्यात ठेवायचा, वरून लोखंडाचा रस ओतायचा, आणि रस थिजला की ती वाळू फोडून, झटकून बाहेर काढायची. गाभा साच्यात धरून ठेवायला आणि वाळू काढायला ब्लॉकच्या अंगाला भोकं ठेवावी लागतात. ती मागाहून पत्र्याच्या वाटीसारख्या बुचांनी बंद करतात. गॅरेजवाले त्यांना वेल्च प्लग म्हणतात. इंग्रजीत मात्र त्यांचं एक लोकप्रिय नाव 'फ्रीझ प्लग' असं आहे, जणू पाणी गोठून फुगलं की ब्लॉक फुटू नये म्हणून केलेली ती सोय. ते खरं नाही. ती फाउंड्रीवाल्याची भोकं आहेत. शिरोलीतला कुठलाही ओतारी हे सांगेल.

काढलेली वाळू कधीच शंभर टक्के निघत नाही. कुठल्या तरी कोपऱ्यात चिमूटभर चिकटून राहते आणि वर्षानुवर्षांनी सुटते. म्हणजे जुन्या इंजिनातून निघणाऱ्या गाळात लोखंडाचा गंज असतो, पाण्यातल्या क्षारांचा थर असतो, आणि ज्या दिवशी तो ब्लॉक जन्मला त्या दिवसाची वाळूही असू शकते.

गोठण्याचा विषय निघालाच आहे, तर दुसरा गैरसमजही इथेच सांगतो. इंजिनात घालायच्या रंगीत द्रवाला युरोप-अमेरिकेत अँटिफ्रीझ हे नाव पडलं, कारण तिथला पहिला त्रास थंडीचा. पाणी गोठलं की ब्लॉकला चीर. सुरुवातीला लोक पाण्यात अल्कोहोल मिसळायचे, पण ते तापलं की उडून जायचं. इथिलीन ग्लायकॉल हे रसायन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वुर्ट्झने १८५०च्या दशकात बनवलं होतं, ते गाड्यांसाठी प्रेस्टोन या नावाने अमेरिकेत १९२७ साली बाजारात आलं. पुढे लढाऊ विमानांनीही ते उचललं, कारण ग्लायकॉलमुळे इंजिन जास्त गरम चालवता येतं आणि रेडिएटर लहान ठेवता येतो.

हे नाव घेऊन बाटली आपल्याकडे आली आणि आपल्या लोकांनी तिच्याकडे बघून बरोबर प्रश्न विचारला: कोल्हापुरात पाणी कधी गोठलंय? मग कशाला पैसे घालवायचे? नावाने घात केला तो असा. आपल्याला त्या बाटलीतलं ग्लायकॉल गोठण्यासाठी नको, उकळण्यासाठी पाहिजे, आणि त्याहून जास्त पाहिजेत ती त्यात मिसळलेली गंजरोधक रसायनं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथे उघड्या भांड्यात पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं, त्याने हा आकडा वीसेक अंश वर जातो. ग्लायकॉल त्यात आणखी भर घालतं. झाकणाचं रबर वाळलं की ही सगळी बेरीज कोसळते, तरी गाडी तापल्यावर झाकण बदलून बघायचं कुणाला सुचत नाही. सगळ्यात स्वस्त भाग तोच.

शिवाय घाट. १ जून १९४८ रोजी पुणे–नगर अशी पहिली एसटी धावली आणि मग एसटीचं जाळं कोकणातही उतरलं. कोल्हापूरकडून कोकणात जायचं तर आंबा, करूळ, भुईबावडा, फोंडा यांपैकी एक घाट नशिबी आलाच. चढाला इंजिन पूर्ण जोरात आणि वेग बैलगाडीचा, म्हणजे दसरा चौकातलीच परिस्थिती, फक्त चढावर. ड्रायव्हरच्या पायाशी पाण्याचा डबा असायचा, वळणावरचा झरा सगळ्यांच्या पाठ असायचा. बॉनेट उघडून वाफ जाऊ द्यायची, फडकं धरून झाकण सैल करायचं आणि झऱ्याचं पाणी ओतायचं. बर्था बेंझने केलं तेच. रस्त्यात अडकलेल्या माणसाने दुसरं काय करायचं? त्यात चूक काहीच नव्हती. चूक असलीच तर ती घरी आल्यावर ते पाणी काढून न टाकण्याची होती.

काकांची जीप १९९४ची. डिझेल. काही वर्षं ती कोल्हापूर–गगनबावडा वडापला होती, मग घरची झाली. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात वैभववाडीहून परत येताना करूळ घाटात काटा लाल पट्टीत गेला आणि तासभर आम्ही दरीकडे तोंड करून बसलो. एका गॅरेजमध्ये सांगितलं, इंजिन संपलंय, भंगारात घाला, भावही सांगितला. काका काही बोलले नाहीत. संध्याकाळी जीपवर ताडपत्री घातली. ते ताडपत्री घालणं मला बघवलं नाही, म्हणून मी उद्यमनगरात एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना मामा म्हणतात.

मामांनी गार इंजिनाचं झाकण उघडून बोट आत घातलं आणि मला दाखवलं. चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी. "इंजिनाला काय झालं नाही रं," ते म्हणाले, "पाण्याला झालंय."

मग दोन दिवस आम्ही तेच केलं. खालचा होस पाइप काढला तेव्हा जे पडलं त्याला पाणी म्हणणं कठीण होतं. रेडिएटरचा कॉक उघडून भागत नाही हे मला माहीत नव्हतं. बरंचसं पाणी ब्लॉकमध्येच राहतं, आणि ब्लॉकच्या अंगाला वेगळा नट असतो. तो काढला तर काहीच आलं नाही. मामांनी तार घालून खरवडलं, तेव्हा आधी तांबडा चिखल आला आणि मग धार. थर्मोस्टॅट बघायला गेलो तर तो जागेवर नव्हताच. 'आपल्याकडे गरम हवा, कशाला पाहिजे' म्हणून कुणीतरी कधीतरी काढून टाकला होता. हा आपल्याकडचा सर्रास चालणारा उपाय आहे आणि माझ्या मते शुद्ध वेडेपणा. थर्मोस्टॅट काढला की इंजिन सपाटीला नेहमी गारठलेलं चालतं, डिझेल जास्त पितं, आणि बऱ्याच इंजिनांत आतल्या आत फिरायची वाट उघडी राहिल्यामुळे ऐन चढाला रेडिएटरकडे पाणी कमीच जातं.

पाणी सोडायचं ते उलटं. चालू गाडीत रेडिएटरमध्ये पाणी वरून खाली जातं, म्हणून नळ खालून लावायचा आणि वरून बाहेर काढायचं, म्हणजे अडकलेलं जसं आलं तसं मागे फिरतं. मामांच्या तरुणपणी धुण्याचा सोडा घालायचे. ॲल्युमिनिअमचा भाग असेल तर सोडा तो खातो, म्हणून आता ते लिंबूसत्त्व वापरतात, तेही थोडं आणि थोडाच वेळ, आणि नंतर पाणी निवळशंख येईपर्यंत धूत राहायचं. आमचं निवळायला सकाळची दुपार झाली. तरी रेडिएटरच्या निम्म्या नळ्या बंदच राहिल्या.

रेडिएटर खोलणं ही एक कलाच आहे आणि ती संपत चाललीय. जुनं रेडिएटर तांब्या-पितळेचं असतं. वरची टाकी गॅसच्या ज्योतीने डाख वितळवून उचलायची, नळीनळीत पातळ पट्टी घालून क्षार खरवडायचे, पुन्हा नवसागर लावून कथलाच्या डाखाने टाकी बसवायची. कल्हईवाला ज्या दोन वस्तू वापरायचा, त्याच. नव्या गाड्यांत ॲल्युमिनिअमचा गाभा आणि प्लास्टिकच्या टाक्या पत्र्याने दुमडून बसवलेल्या. गळलं की फेकायचं. मामांच्या ओळखीचे जे कारागीर हे काम करतात त्यांनी आमचं रेडिएटर उन्हात धरून एका डोळ्याने आरपार बघितलं, जसं आपण बांगडीतून बघतो. त्यांचा मुलगा आता नवीन रेडिएटर विकतो.

भरायची पद्धत सोपी पण चिकाटीची. बॅटरीला घालतात ते डिस्टिल्ड पाणी निम्मं आणि कूलंट निम्मं. रंगावर जायचं नाही, हिरवा-लाल हा कंपनीचा खेळ आहे, बाटलीवर कुठल्या जातीचं लिहिलंय ते बघायचं आणि दोन जाती मिसळायच्या नाहीत. जीपचं नाक चढावर करायचं, कारण आत हवा अडकली तर नेमकं हेडजवळ पाणी पोचत नाही. झाकण उघडं ठेवून इंजिन सावकाश चालू द्यायचं. बुडबुडे येत राहतात, पातळी उतरत राहते, आपण ओतत राहायचं. वरचा होस अचानक गरम झाला की समजायचं, नवा थर्मोस्टॅट उघडला. मी मोबाइलवर वेळ लावली होती. मामांनी होसवर नुसता हात ठेवला होता.

घरी आल्यावर काकांनी विचारलं, काय निघालं? मी गंज म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, अजून? त्यांनी तीस वर्षं रोज सकाळी त्या रेडिएटरमध्ये पाणी बघितलंय. शेतातल्या बोअरचं, फडक्याने गाळलेलं, दुसऱ्या कुणाला कधी हात लावू दिला नाही. बोअरच्या पाण्यातले क्षार फडक्यात राहत नाहीत. त्या निम्म्या बंद नळ्यांमध्ये जे पांढरं दगडासारखं बसलं होतं ते तेच होतं. मी म्हटलं, जुनी गाडी आहे, एवढं व्हायचंच. काका हसले. "नदीवरच्या इंजिनाला असं कधी झालं नाही," म्हणाले.

मी म्हटलं, ते पाणी थांबत नव्हतं, काका. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "खरं हाय की."

जीप गेल्या वर्षी दोनदा करूळ चढली. काटा मधे. आता एक नवीनच अडचण आहे. धुताना शेवटी जे हिरवट पाणी निघालं आणि भरताना जे सांडलं, ते मी डब्यात भरून ठेवलंय. ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी, कुत्री-मांजरं चाटून मरतात. गटारीत ओतलं तर ते जयंती नाल्यातून पंचगंगेला जाणार. काकांच्या इंजिनाने नदीला परत दिलं ते नुसतं कोमट पाणी होतं. मामांना विचारलं, सगळे काय करतात? त्यांनी रस्त्याकडेच्या गटारीकडे बघितलं. डबा सध्या आमच्या जिन्याखाली आहे, वर काकांनी खडूने फुली मारलीय.